झोप आली म्हणजे गुण आला नव्हे

शेतकरी बंधूंनो, सोयाबीनच्या राशीचे दिवस आठवा. गंजीवरची ताडपत्री निघते, ट्रॅक्टरला हडंबा जोडला जातो आणि घटकाभरात सगळे शिवार भुशाने भरून जाते. घास घालणाऱ्याच्या नाकातोंडात धूळ जाते, डोळे चुरचुरतात, अंगाला खाज सुटते, शिंकांवर शिंका येतात. मग कोणीतरी मोटारसायकलवर फाट्यावर जातो आणि दुकानातून गोळ्या घेऊन येतो. "घे की एक, काय होतंय गोळीनं?" गोळी पाण्याबरोबर पोटात जाते आणि माणूस पुन्हा हडंब्याच्या तोंडाशी उभा राहतो. तास-अर्ध्या तासात शिंका थांबतात. आणि नेमकी त्याच सुमारास डोळ्यांवर पेंग चढू लागते.

परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरची आपली पिंगळी घ्या, नाहीतर जिल्ह्यातले दुसरे कुठलेही गाव घ्या. ही गोळी माहीत नाही असे घर सापडायचे नाही. कुणी तिला सर्दीची गोळी म्हणतो, कुणी खाजेची, कुणी पित्ताची. डॉक्टर पुडीत घालून देतात, दुकानदार पाकिटातून कापून देतो, शेजारीण डब्यातून काढून देते. स्वस्त आहे, जुनी आहे, गुणकारीही आहे. म्हणूनच तिच्याकडे औषध म्हणून कोणी पाहत नाही. आजचा विषय ही गोळीच आहे. ती वाईट आहे असे म्हणायचे नाही. ती कशासाठी घ्यायची, कधी घ्यायची नाही आणि कुणाला द्यायचीच नाही, एवढे मात्र घराघरात माहीत व्हायला हवे.

गोळी कोणती आणि झोप का येते?

पाकिटावरची नावे वेगवेगळी असतात. एव्हिल या नावाने मिळते ती फेनिरामाइन. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत असते ती क्लोरफेनिरामाइन, दवाखान्यात तिला 'सीपीएम' म्हणतात. गाडी लागू नये म्हणून प्रवासाआधी घेतात ती अवोमीन आणि मुलांच्या औषधात येणारे फेनर्गन, ही दोन्ही प्रोमेथाझिन या एकाच औषधाची रूपे. भूक वाढावी म्हणून देतात ते सायप्रोहेप्टाडिनही याच कुळातले. नावे पाच असली तरी भावकी एकच आहे.

आपल्या शरीरात हिस्टामिन नावाचा एक पदार्थ असतो. धूळ, परागकण, गाजर गवत, गांधीलमाशीचा डंख असे काही न सोसणारे अंगाला लागले की तो बाहेर पडतो. त्याने कातडी लाल होते, गांधी उठतात, नाक गळते, खाज सुटते. ही औषधे त्या हिस्टामिनला अडवतात. अशा औषधांच्या शोधाबद्दल डॅनिएल बोव्हे या शास्त्रज्ञाला १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे औषध काही ऐरेगैरे नाही.

पण मेख पुढेच आहे. हेच हिस्टामिन मेंदूत माणसाला जागे ठेवण्याचे काम करते. जुन्या पिढीच्या या गोळ्या रक्तातून मेंदूत शिरतात आणि तिथलेही हिस्टामिन अडवतात. त्यामुळे झोप येते, हातपाय जड होतात, नजर आणि हात यांचा मेळ ढिला पडतो. अनेकांना वाटते, गोळीने चांगली झोप लागली म्हणजे औषध लागू पडले. तसे नाही. खाज थांबणे हा गुण आहे, झोप येणे हा त्या औषधाचा दुसरा परिणाम आहे. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. झोप आली म्हणून रोग बरा होत नाही आणि झोप आली नाही म्हणून औषध खोटे ठरत नाही.

जिथे तिचे काम आहे

अंगावर गांधी उठल्या, कीडा चावून खाज सुटली, शिंकांनी बेजार झाले, तर ही गोळी आराम देते. आपल्याकडे पावसाळ्यात बांधाबांधावर गाजर गवत माजते. ते उपटताना किंवा त्यातून जाताना हाताला, मानेला, डोळ्यांभोवती चट्टे येतात, काहींना दमही लागतो. हे गवत भारतात पहिल्यांदा पुण्यात १९५५ च्या सुमारास नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या खाजेवर ही गोळी तात्पुरता उतारा आहे. पण रोज गोळी खाऊन रोज त्याच गवतात जाण्यात अर्थ नाही. फुलोऱ्याआधी हातमोजे घालून ते उपटणे, पडीक जागेत ते खाणारे मेक्सिकन भुंगे सोडणे, हा खरा इलाज आहे. हे भुंगे भारतात १९८४ पासून सोडले जात आहेत.

एसटीत उलटी होणाऱ्याला प्रवासाआधी अवोमीन उपयोगी पडते. गरोदरपणातल्या उलट्यांवरही या कुळातले एक औषध डॉक्टर देतात, मात्र ते त्यांनीच द्यायचे. दवाखान्यात रक्त चढवताना किंवा एखादे इंजेक्शन न सोसल्यास एव्हिलचे इंजेक्शन वापरतात. जनावरांच्या दवाखान्यातही ते असते. पण जनावरासाठी आणलेली बाटली घरच्या माणसाला टोचायची नाही, हे सांगायची वेळ येऊ नये.

एक शब्दाचा घोटाळाही लक्षात ठेवा. आपण अंगावर गांधी उठल्या तरी 'पित्त उठलं' म्हणतो आणि छातीत जळजळ झाली तरी 'पित्त झालं' म्हणतो. दुकानात जाऊन नुसती 'पित्ताची गोळी द्या' म्हटले तर हातात काय पडेल याचा नेम नाही. जळजळीची गोळी वेगळी, गांधीची वेगळी. तेव्हा त्रास काय होतो ते सांगा आणि गोळीचे नाव विचारून घ्या.

आणखी एक. नाक गळणे वेगळे आणि छातीत घरघर होऊन श्वास कोंडणे वेगळे. धुळीने दमा उठला असेल तर ही गोळी तो आवरत नाही. त्याला ओढायचा पंप लागतो आणि डॉक्टर लागतो. नुसती गोळी घेऊन निजलेला दमेकरी रात्रीत अत्यवस्थ होऊ शकतो.

हडंबा, मोटारसायकल आणि रात्रीची लाईट

आता धोक्यांकडे वळू. पहिला धोका कामाचा.

मळणीयंत्राच्या तोंडाशी माणूस उभा असतो तेव्हा त्याचा हात आणि फिरते दाते यांच्यात फार अंतर नसते. हात वेळेत मागे घेणे ही सगळी सुरक्षा. पेंगेत तो हात क्षणभर उशिरा मागे येतो. यंत्रात हात जाण्याचे प्रकार इतके होते की केंद्र सरकारला १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला आणि मळणीयंत्रे त्यात आली. घास टाकण्याचे तोंड कसे असावे, हे कायदा सांगतो. पण त्या तोंडाशी उभा असलेला माणूस जागा आहे का, हे कायदा पाहू शकत नाही. ते यंत्रमालकाने आणि राशीच्या मालकाने पाहायचे आहे.

शेतकरी अपघात झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि एक हात किंवा पाय कायमचा गेल्यास १ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. योजना चांगली आहे, तलाठी आणि कृषी सहायकांनी तिची माहिती द्यावीच. पण उजवा हात गेलेल्या माणसाच्या घरचे वखर त्या लाख रुपयाने किती वर्षे चालणार?

हाच हिशोब मोटारसायकलला, ट्रॅक्टरला, उसाच्या ट्रॉलीला लागू आहे. रात्रीच्या पाळीची लाईट आली की अंधारात मोटार चालू करायला जाणारा, विहिरीच्या काठाने चालणारा, दारे धरणारा माणूस पेंगत असून चालत नाही. आणि हे ध्यानात घ्या की रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळी उठल्याबरोबर उतरतोच असे नाही. क्लोरफेनिरामाइन शरीरात बराच काळ राहते. माणसाला वाटते आपण पुरते जागे आहोत, पण हात मंदच असतात. सवयीच्या माणसालाही हे कळत नाही.

गोळीवर दारू घेतली तर दोन्हींचा अंमल एकमेकांवर चढतो. झोपेची गोळी, फिट्सची औषधे, काही वेदनाशामके यांचेही तसेच. 'थोडीशीच घेतली होती' असे सांगणाऱ्याच्या पोटात सर्दीची गोळीही असते, हे कुणी विचारत नाही.

मग राशीच्या दिवसांत शिंकत बसायचे का? नाही. हडंबा लावताना वाऱ्याची दिशा पाहा, भुसा माणसांकडे न येता पलीकडे जाईल असा उभा करा. नाकातोंडाला दुहेरी रुमाल किंवा मास्क बांधा, डोळ्यांना साधा चष्मा लावा. माणसे आलटून पालटून घास घालायला ठेवा. शिवाय नव्या पिढीची औषधे आहेत. फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन यांनी झोप फारच कमी येते. सेट्रिझिनने जुन्या गोळ्यांपेक्षा कमी येते, पण काहींना तिनेही पेंग येते, म्हणून पहिल्यांदा घ्याल तेव्हा कामाचा दिवस नको. डॉक्टरला सरळ सांगा, "मला यंत्रावर काम करायचं आहे, गाडी चालवायची आहे, झोप न येणारी द्या." एवढे एक वाक्य बोलले तरी निम्मा धोका टळतो.

लेकरू शांत निजले म्हणून...

दुसरा धोका लहान मुलांचा, आणि तो सर्वांत मोठा.

जुन्या मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफूची बाळगोळी देत असत. लेकरू दिवसभर गुंगीत पडून राही, रडत नसे. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. पाळणाघर नाही, रजा नाही, घरात दुसरे माणूस नाही, मग त्यांनी करावे काय? आज बाळगोळी गेली. पण सर्दीचे थेंब आले. वेचणीला, कोळपणीला, ऊसतोडीला जाणाऱ्या आईच्या हाती ती बाटली पडते. लेकराला सर्दी झाली म्हणून एकदा दिले, ते शांत झोपले. मग किरकिर केली म्हणून दिले. मग प्रवास आहे म्हणून दिले. औषध सर्दीचे राहिले नाही, निजवण्याचे झाले.

मायबहिणींनो, तान्ह्या मुलाचा श्वास फार नाजूक असतो. प्रोमेथाझिनने २ वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झाले आहेत. म्हणून त्या वयात ते देऊ नये, असा ठळक इशारा अमेरिकेत २००४ साली देण्यात आला. काही मुलांत उलटेच होते. झोप येण्याऐवजी मूल बेभान होते, थरथरते, आणि जास्त मात्रा गेली तर झटकेही येतात. चमचा कोणता, थेंब किती, बाटली थेंबांची की मोठ्या मुलांच्या पातळ औषधाची, यात गफलत व्हायला वेळ लागत नाही.

आपल्या देशातही सरकारने यावर आदेश काढलेला आहे. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, आणि तसा इशारा वेष्टनावर छापावा, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी १८ डिसेंबर २०२३ रोजी राज्यांना कळवले. किती गावांत ही गोष्ट पोहोचली?

पुढे काय घडले ते सर्वांना आठवत असेल. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात सर्दी-खोकल्याचे कोल्ड्रिफ नावाचे पातळ औषध घेतलेली वीसहून अधिक बालके दगावली. कितीतरी लेकरांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले होते. तामिळनाडूतल्या कांचीपुरमच्या कारखान्यात बनलेल्या त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले, तेही ४८ टक्क्यांहून जास्त. या विषाने मूत्रपिंडे निकामी होतात. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या औषधाविरुद्ध लोकांना सावध केले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली ग्लिसरीनमधल्या याच विषाने १४ रुग्ण गेले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच.

इथे दोन गोष्टींची गल्लत करू नका. छिंदवाड्याची मुले विषाने गेली, क्लोरफेनिरामाइनने नव्हे. पण त्या बाटलीतले मिश्रण मात्र तेच होते, जे ४ वर्षांखाली देऊ नका असे २०२३ सालीच सांगितले होते. साध्या सर्दीला जे औषध द्यायचेच नव्हते, ते दिले गेले, आणि त्यातून विष पोटात गेले. या घटनेनंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने पुन्हा बजावले, की २ वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि ५ वर्षांखाली शक्यतो टाळावीत. मुलाची सर्दी बहुधा आपोआप बरी होते. अंगावरचे दूध चालू ठेवा, कोमट पाणी द्या, मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घाला. श्वास भराभर चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, दूध प्यायचे थांबले, तर घरगुती काही न करता लगेच दवाखाना गाठा.

भुकेचे औषध म्हणून सायप्रोहेप्टाडिन देणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. पोर जाड व्हावे, लग्नाच्या मुलीचे अंग भरावे म्हणून दुकानातून बाटली आणू नका. औषध बंद केले की ती भूक जाते. मधल्या काळात मूल शाळेत पेंगत राहते, ते निराळेच.

म्हाताऱ्या माणसांचे काय?

घरातल्या वडीलधाऱ्यांना सर्दीची गोळी देताना कुणाचाच हात अडखळत नाही. पण साठीपुढच्या माणसाला ही गोळी जड जाते. पुरुषांची लघवीची ग्रंथी वाढलेली असेल तर लघवी तुंबते आणि रात्री-अपरात्री नळी घालायला परभणी गाठावी लागते. काचबिंदू असेल तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. तोंड कोरडे पडते, पोट साफ होत नाही. म्हातारे माणूस रात्री उठते, भ्रमल्यासारखे करते, अंधारात पाय अडखळून पडते आणि खुब्याचे हाड मोडते. घरचे म्हणतात, वय झाले. संध्याकाळी दिलेली गोळी कुणाच्या ध्यानात येत नाही.

सर्दीच्या मिश्र गोळीत बहुधा पॅरासिटामॉल आणि नाक मोकळे करणारे फिनाइलएफ्रिनही असते. रक्तदाबाच्या माणसाला ते चालेलच असे नाही. शिवाय ताप म्हणून एक गोळी, सर्दी म्हणून दुसरी, असे केले तर एकच औषध दोनदा पोटात जाते. म्हणून पाकिटावरचे नाव वाचायचे, वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यायचे.

विंचू, साप आणि फवारणी

चौथा धोका शेतकऱ्याच्या जिवाचा आहे, आणि त्यावर आपल्याच मराठवाड्याच्या माणसाने मोठे काम केले आहे.

डॉ. हिम्मतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. महाड भागातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना त्यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रोगी रात्ररात्र जागून पाहिले. त्या काळी शंभरातली पंचवीस-तीस माणसे दगावत. घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी. बावस्करांनी पाहिले की हे ॲलर्जीचे दुखणे नव्हे, विषाने हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर आलेला ताण आहे. त्यावर त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध वापरले आणि १९८६ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ते मांडले. योग्य वेळी हे औषध मिळू लागल्यावर मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले. पुढे विंचवाच्या प्रतिविषासोबत प्राझोसिन दिल्यास रोगी लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११ साली दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मग विंचू चावल्यावर एव्हिल टोचून घेऊन माणूस घरी का निजतो? विषावर या गोळीचा किंवा इंजेक्शनचा काही उपाय चालत नाही. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार. वाईट म्हणजे, त्या गुंगीत वेळ जातो. विंचू चावून नुसते दुखत असेल तर गोष्ट वेगळी. पण घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, धाप लागली, तर एक मिनिट घालवू नका. विशेषतः लहान मुलाला विंचू चावला असेल तर लक्षणांची वाटच पाहू नका. प्राझोसिनही स्वतः आणून द्यायचे नाही, ते डॉक्टरने रक्तदाब पाहून द्यायचे औषध आहे.

सापाचे तर याहून कठीण. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. दंश दिसत नाही, दुखत नाही. पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, जीभ जड होते, पुढे श्वास थांबतो. नागाचेही विष तसेच. आता अशा माणसाला कुणी 'काहीतरी चावलंय' म्हणून झोप आणणारी गोळी किंवा इंजेक्शन दिले, तर पापण्या विषाने मिटताहेत की औषधाने, हे कसे ओळखायचे? सापाच्या विषावर उतारा एकच, प्रतिविष. ते दवाखान्यातच मिळते. प्रतिविष न सोसल्यास किंवा आग्या मोहोळ उठून अंगभर सूज येऊन श्वास कोंडला, तरी पहिले औषध ॲड्रेनालिनचे इंजेक्शन असते. एव्हिल त्यानंतर. घरी गोळी देऊन वाट पाहणे म्हणजे जिवाशी खेळ.

तिसरी गोष्ट फवारणीची. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले. तोंडाला पाणी सुटणे, मळमळ, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, अंगाची थरथर, घाम, दम लागणे, ही विषबाधेची लक्षणे आहेत. अंगाची आग किंवा खाज म्हणून गोळी खाऊन निजायचे नाही. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा. १०८ ची गाडी यासाठीच आहे.

गोळी घेणाऱ्याला रागावून काय होणार?

काही वाचक म्हणतील, "हे सगळं खरं, पण दवाखाना गाठायचा तर रोज बुडतो. सरकारी दवाखान्यात गेलं तर डॉक्टर भेटेलच असं नाही. खासगीत शे-दोनशे रुपये तपासणीचे जातात. दुकानातली गोळी दोन रुपयांत मिळते." बरोबर आहे. ज्याच्या घरी रोजंदारीवर चूल पेटते, त्याला 'आधी डॉक्टरला दाखवा' एवढेच सांगणे म्हणजे कोरडा उपदेश. म्हणून साधी गांधी उठली, साधी सर्दी झाली, तर धडधाकट माणसाने रात्रीच्या वेळी, कामावर जायचे नसताना एखादी गोळी घेतली तर आकाश कोसळत नाही. हट्ट एवढाच की सीमा माहीत हवी. यंत्र आणि वाहन यांच्याआधी नको. दारूबरोबर नको. लहान लेकराला नको. लघवीचा किंवा काचबिंदूचा त्रास असलेल्याला विचारल्याशिवाय नको. आणि दंश, विषबाधा, धाप यांच्या जागी तर मुळीच नको.

बाकीचे काम ज्यांच्याकडे गावाने अधिकार दिले आहेत, त्यांचे आहे. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई, आरोग्यसेवक या सर्वांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, राशीचा हंगाम सुरू होण्याआधीच्या ग्रामसभेत आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावून दहा मिनिटे हा विषय घ्यावा. हडंबा मालकांनाही बोलवावे. गोळी घेतलेल्या किंवा दारू प्यालेल्या माणसाला घास घालायला उभे करायचे नाही, असा गावाचा ठराव करावा. पैसा लागत नाही, इच्छा लागते.

दुसरी, औषधांच्या नियमांतल्या 'जी' अनुसूचीत या औषधांचा समावेश आहे. त्यामुळे वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणे धोक्याचे, असा इशारा वेष्टनावर असावा लागतो. पण तो बारीक इंग्रजी अक्षरांत. पाकीट कापून दोन गोळ्या दिल्या की नाव, मुदत आणि इशारा दुकानातच राहतो. औषध दुकानदारांनी कापलेल्या गोळीबरोबर कागदावर मराठीत नाव आणि 'झोप येते, गाडी-यंत्र चालवू नये' एवढे लिहून द्यावे. पुडीतून गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनीही तेच करावे. आणि किराणा दुकानात, पानटपरीवर या गोळ्या विकल्या जात असतील तर पंचायतीने डोळेझाक करू नये.

तिसरी, आशाताई आणि अंगणवाडी ताईंनी गृहभेटीत घरातल्या औषधांच्या बाटल्या पाहायला मागाव्यात. ४ वर्षांखालच्या लेकराला सर्दीचे मिश्र औषध चालू असेल तर थांबवून डॉक्टरांकडे पाठवावे. आई कामाला गेल्यावर लेकरू सांभाळायला जागा असेल, तर निजवण्याचे औषध कुणी शोधणार नाही. अंगणवाडी वेळेवर उघडणे हाही या रोगावरचा इलाज आहे.

चौथी, आपल्या आरोग्य केंद्रात सापाचे प्रतिविष, प्राझोसिन आणि ॲड्रेनालिन आहे की नाही, हे पंचायतीने पावसाळ्याआधी लेखी विचारावे. औषध संपल्याचे दंश झालेल्या रात्री कळून उपयोग नसतो. केंद्रात ही तीन औषधे असली आणि ती देणारा माणूस हजर असला, तर लोक एव्हिलच्या भरवशावर घरी निजणार नाहीत.

शेतकरी बंधूंनो, तणनाशकाचा डबा आपण कुलपात ठेवतो, त्याचे प्रमाण पंपाला किती मिली हे पुन्हा पुन्हा विचारतो. कारण चुकले तर पीक जळते हे आपल्याला माहीत आहे. मग घरातल्या डब्यातल्या गोळीचे नाव काय, ती कुणी खाल्ली, खाऊन तो कुठे निघाला, एवढे विचारायला काय हरकत आहे? येत्या राशीला हडंब्याजवळ कुणी शिंकत उभा दिसला तर त्याला गोळी देऊ नका. त्याला बाजूला सावलीत बसवा, तोंड धुवायला पाणी द्या आणि त्याच्या जागी दुसरा माणूस उभा करा.